ताईच्या टेबलावरचं काम

माणूस कामावर ठेवायचा कसा, हे धाकट्याला येत होतं. त्यात अवघड काय? समोरच्याच्या हातांकडे बघायचं, सुरी कशी धरतो ते बघायचं आणि 'उद्यापासून ये' म्हणून मोकळं व्हायचं. माणूस काढायचा कसा, हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून तो रीतसर शिकायला गेला. छोटे धंदे मोठे करू पाहणाऱ्यांसाठी एका हॉटेलच्या तळघरात शिबिर भरलं होतं. तिथे गळ्याशी टाय आवळलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं की, वाईट बातमी देताना आधी काहीतरी चांगलं बोलावं, मग वाईट सांगावं आणि शेवटी पुन्हा चांगलं बोलून दार उघडून द्यावं. धाकट्याला ते फार पटलं. कुणाला तोंडावर काही सांगायची पाळी आली की हा गडी आजवर नेमका फोन घ्यायला बाहेर जायचा. आता त्याच्या हाती आयती युक्तीच लागली.

धंदा त्याचा कवळ्यांचा. माणसाचे दात जातात, दातांचे डॉक्टर त्याच्या तोंडाचं माप घेतात आणि ते माप धाकट्याच्या कारखान्यात येतं. मापावरून प्लास्टरचे साचे होतात. साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची, वरचा साचा आणि खालचा साचा एका पितळी सांगाड्यात अडकवायचे आणि मग त्या मेणात तापल्या सुरीने एकेक दात बसवत जायचं. त्या सांगाड्याला कारखान्यात सगळे 'जबडा' म्हणत. मेणातली ही कच्ची कवळी डॉक्टरांकडे जाते, ते ती माणसाच्या तोंडात घालून बघतात, आरसा दाखवतात. पसंत पडली की मेणाच्या जागी पक्का मसाला येतो आणि कवळी घासूनपुसून चकचकीत होते. सगळ्यात कसबाचं काम अर्थातच दात बसवण्याचं. पुढचे दोन दात केसभर इकडचे तिकडे झाले, तर सगळा चेहरा वाकडा दिसतो.

हा धंदा मुळात ताईचा. आई गेली तेव्हा धाकटा अजून चड्डीत होता आणि ताई नुकती एका कवळीवाल्याकडे हाताखाली लागली होती. तिनेच त्याला वाढवलं. पुढे तिने घरच्या दोन खोल्यांतल्या मागच्या खोलीत स्वतःचं टेबल मांडलं. ती दात बसवायची आणि हा सायकलवरून डब्यात घालून दवाखान्यांत पोचवायचा. लग्नाचं तिचं राहूनच गेलं. कुणी विचारलं की ती म्हणायची, एवढे जबडे सांभाळते, आणखी एक कशाला. धाकट्यालाही तिनेच शिकवलं, रागावून, हातावर सुरीची मूठ मारून शिकवलं. त्याचा हात बरा होता, पण तिच्यासारखा नव्हता. डॉक्टर लोक 'ताईंच्या हातची' म्हणून कवळी मागवायचे.

मग धंदा वाढला. दोन खोल्यांचा एका मोठ्या इमारतीतला अख्खा मजला झाला. माणसं आली, यंत्रं आली, प्लास्टरची धूळ ओढून घेणारा घुर्रघुर्र पंखा आला. ताई जुन्या खोल्यांतच राहायची आणि रोज बसने कामाला यायची. तिचं टेबल खिडकीशी, उजेडात. धाकट्याने स्वतःसाठी मात्र काचेची केबिन करून घेतली. डॉक्टरांचे फोन, मालवाल्यांचे फोन, बँकेचे फोन, सगळं तो त्या केबिनमधून सांभाळायचा. काचेतून त्याला सगळी माणसं दिसायची. त्यांचे हात दिसायचे नाहीत, कारण मध्ये टेबलांच्या कडा यायच्या. पूर्वी त्याला सगळे 'दादा' म्हणायचे. काच लागल्यापासून ते आपोआप 'सर' झालं, आणि ते कधी झालं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

शिबिरातून तो आणखी एक गोष्ट घेऊन आला होता, ती म्हणजे पांढरा फळा. फळ्यावर प्रत्येकाचं नाव आणि पुढे आठवड्यात किती कवळ्या झाल्या त्याचा आकडा. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर सगळ्यात वर ताई आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने मान वर केली नाही. सगळ्यात खाली आला गोगलगाय.

गोगलगाय हे नाव पॉलिशवाल्या बाईंनी ठेवलेलं. माणूस चाळिशीचा, अंगाने भरलेला, बोलण्यात मवाळ. तोही ताईच्याच हाताखाली शिकला होता आणि कधीकाळी त्याचा हात चांगला चालायचा. पण गेली दोनेक वर्षं त्याचं काम मंदावत मंदावत इतकं मंदावलं की इतरांच्या तीन कवळ्या व्हायच्या तेव्हा याची एक. संध्याकाळी सगळे हात धुऊन निघायचे, तरी हा आपला दिवा लावून बसलेला. धाकट्याला वाटायचं, बिचारा दिवसाचं काम संपवता येत नाही म्हणून बसतो. फळा लागल्यावर 'बिचारा' गेलं आणि नुसतं 'संपवता येत नाही' उरलं. आकडा डोळ्यांसमोर रोज असला की माणसाबद्दलची माया पातळ होते, हे काही शिबिरात सांगत नाहीत.

तरीही त्याने गोगलगायीला काढलं नसतं. एवढी हिंमत त्याच्यात नव्हती. पण एके दुपारी ताई स्वतःच्या पायांनी केबिनमध्ये आली. ती केबिनमध्ये सहसा येत नसे. काचेच्या पेटीत बसलेला तू अगदी नमुन्याची कवळी दिसतोस, असं ती एकदा म्हणाली होती.

"धाकट्या," ती म्हणाली, "तो गोगलगाय आहे ना, त्याला काढ."

"ताई, तू म्हणतेस हे?"

"मीच म्हणतेय. माझ्या शेजारी नको तो मला."

"काही बोलला का तुला?"

"बोलत असता तर बरं झालं असतं." ती जरा थांबली, त्याच्याकडे बघत राहिली. काहीतरी ऐकायला थांबली होती असं त्याला नंतर वाटलं. तेव्हा मात्र त्याला फक्त समोर वाजणारा फोन दिसत होता. "फळा तूच लावलायस ना? मग बघ की फळ्याकडे," असं म्हणून ती गेली.

धाकट्याला हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आकडाही तेच सांगत होता आणि ताईही. आपल्याला काही ठरवायचंच नव्हतं.

शुक्रवारी त्याने गोगलगायीला आत बोलावलं. "बसा," म्हणाला. इतकी वर्षं 'तू' म्हणणारा माणूस 'तुम्ही'वर आला, तेव्हाच गोगलगायीला कळलं असावं. तो खुर्चीच्या कडेला बसला आणि नखांतलं मेण काढू लागला.

"तुमचं काम फार स्वच्छ असतं," धाकट्याने पहिलं गोड सांगितलं. मग वाईट सांगितलं. वेग, फळा, वाढता धंदा, असं सगळं घोकलेलं बोलून झाल्यावर त्याने शेवटचं गोड शोधलं. ते आठवेना, म्हणून म्हणाला, "माणूस म्हणून तुम्ही उत्तम आहात."

गोगलगायीने नखांतलं मेण काढणं थांबवलं. वाद घातला नाही, घरची अडचण सांगितली नाही. मग म्हणाला, "तुम्ही विचार करूनच ठरवलं असेल. फक्त एक विचारतो, ताईंचं आता कोण बघणार?"

संध्याकाळी ताईची पिशवी घेऊन तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गोगलगाय जायचा. धाकट्याला तेच डोळ्यांपुढे आलं. "ताईंचं मी बघेन," तो म्हणाला. "त्याची काळजी करू नका."

"मग ठीक आहे," गोगलगाय म्हणाला आणि खरंच ठीक असल्यासारखा उठला. जाताना स्वतःची सुरी फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. ताई पाठमोरी बसली होती. ती वळली नाही.

पुढचा आठवडा बरा गेला, कारण आधीचं काम बाहेर पडत होतं. त्यानंतर फोन सुरू झाले. पहिला फोन एका जुन्या डॉक्टरांचा. "अहो, कवळी डावीकडे निघालीय. पेशंटला आरसा दिला तर म्हणतो, हा कोण?" धाकट्याने माफी मागितली आणि प्लास्टरवाल्याला झाडलं. दुसरा फोन आला, मग तिसरा. एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या तोंडात कच्ची कवळी घातल्यावर त्यांनी आरसा उपडा ठेवला आणि त्या रडायला लागल्या, असं सांगताना डॉक्टरीणबाईंचाच आवाज कापत होता. धाकट्याने मेण बदललं. मेणवाल्याशी भांडला. पॉलिशवाल्या बाईंना, ज्यांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, उगाच दोन शब्द सुनावले. ताईच्या टेबलाकडे जायचं मात्र त्याला सुचलं नाही. देव्हाऱ्याखाली कुणी उंदीर शोधत नाही, तसंच हे.

शेवटी परत आलेल्या कवळ्यांचे डबे त्याच्या केबिनमध्ये रचून ठेवायची वेळ आली, तेव्हा त्याने एक जबडा मागवला, दार लावून घेतलं आणि कितीतरी काळानंतर कवळी स्वतः हातात घेतली. वरचे पुढचे दोन दात नाकाच्या रेषेत यायला हवेत. ते डावीकडे सरकले होते, आणि त्यांच्यामागोमाग सगळी रांग तिरकी गेली होती. त्याने दुसरी घेतली. तीही डावीकडे. तिसरीही. चूक एकाच हाताची होती. डब्यावरची नावाची चिठ्ठी वाचायचीही गरज नव्हती, तरी त्याने वाचली. प्रत्येकीवर ताईचंच नाव होतं.

 तो उठून पॉलिशवाल्या बाईंच्या यंत्रापाशी गेला. त्या जुन्या, दोन खोल्यांपासूनच्या. त्यांनी यंत्र बंद केलं नाही, आवाज आडोशाला चांगला होता.

"बाई, ताईचं काम कधीपासून असं होतंय?"

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जसा काही हा आपल्याला खेळवतोय. "असं म्हणजे? गोगलगाय करायचा की सरळ. संध्याकाळी ताई गेल्या की त्यांच्या कवळ्यांचे दात उपटून पुन्हा बसवायचा. सकाळी लवकर येऊनसुद्धा. स्वतःचं काम मग मधल्या वेळात."

"आणि हे मला कुणी सांगितलं नाही?"

"सर, तुम्हीच सांगितलं होतं ना त्याला?" बाई खरोखरच गोंधळल्या. "आम्ही तर सगळे तेच धरून चाललो. बहिणीचं काम, तिला दुखवायचं नाही, म्हणून तुम्हीच गुपचूप लावून दिलं असेल. घरचा मामला, आम्ही कशाला तोंड घालू? त्याला काढलंत तेव्हा वाटलं, दुसरी काही सोय केली असेल."

धाकटा परत केबिनमध्ये येऊन बसला. समोर फळा होता. सगळ्यात वर ताई, आणि खालचं नाव पुसून तिथे आता दुसऱ्या कुणाचं तरी लिहिलेलं. ताईचा तो आकडा दोन माणसांनी मिळून काढलेला होता, आणि त्यातल्या एकाला आपण 'माणूस म्हणून उत्तम' म्हणून दार उघडून दिलं. त्याला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो गोगलगायीच्या घरी गेला. तिसऱ्या मजल्यावर, जिन्यात सायकली, दारात चपला. गोगलगायीने आत घेतलं, पाणी दिलं. बायको आतून बघून गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. तिचं बरोबरच होतं.

"मला माहीत नव्हतं," धाकटा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

गोगलगायीला ते पटायला वेळ लागला. तो हसला, मग गंभीर झाला, मग पुन्हा ओठ हलवून काहीतरी आठवत बसला. "म्हणजे मी एवढे दिवस..." वाक्य त्याने सोडून दिलं. "मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे. काचेतून रोज बघता. विचारलं नाही एवढ्यासाठी, की विचारलं असतं तर तुम्हाला हो म्हणावं लागलं असतं, मग ताईंना उठवावं लागलं असतं. न बोलता चाललंय तर चालू दे म्हटलं."

"परत ये," धाकटा म्हणाला. 'तुम्ही' केव्हाच गळून पडलं होतं. "फळा काढून टाकतो. तुला हवं ते देतो."

"नको."

"राग आलाय, मला कळतं."

"राग होता. आता तेवढा नाही." गोगलगायीने पेला उचलून बाजूला ठेवला. "मी दुसऱ्या कारखान्यात लागलोय. छोटा आहे, चारच माणसं. तिथे मी माझ्यापुरतं काम करतो आणि सहाला उठतो. खरं सांगू? तिथे मला चपळ म्हणतात." हे सांगताना त्याचा चेहरा इतका उजळला की धाकट्याला खाली बघावं लागलं. "रोज दुसऱ्याचं मोडून पुन्हा करायचं, तेही ज्यांनी शिकवलं त्यांचं, हे फार वाईट काम आहे. मी आता ते करणार नाही. तुम्ही सांगा ताईंना."

तुम्ही सांगा ताईंना. एवढं साधं काम. जिना उतरताना धाकट्याने चार वेळा वाक्य जुळवलं आणि चार वेळा मोडलं. ज्या बाईने आपल्याला आंघोळी घातल्या, आपल्या तापात रात्रभर उशाशी बसली, तिला जाऊन म्हणायचं की तुझा हात गेला? आधी एक गोड बोलून? आणि टेबल सोडून ती करणार काय? त्या दोन खोल्यांत दिवसभर भिंतीकडे बघत बसणार. टेबल गेलं की ताई संपली, असंच त्याला वाटत होतं, आणि ते अगदीच चूक होतं असं नाही.

मग त्याने तेच केलं जे त्याच्यासारखी माणसं करतात. संध्याकाळी ताई बसकडे गेली की तो तिच्या टेबलावर बसू लागला. तिचा दिवा लावायचा, तिची सुरी तापवायची आणि दात उपटायचे. बोटं पार विसरली होती. मेण कधी जास्त तापायचं, कधी दात हातातून निसटून खाली जायचा आणि तो टेबलाखाली गुडघ्यांवर शोधत बसायचा. पण हळूहळू रांग सरळ यायला लागली. डॉक्टरांचे फोन कमी झाले. पॉलिशवाल्या बाई जाताना त्याच्याकडे बघायच्या आणि काही न बोलता निघून जायच्या. धाकट्याला वाटू लागलं की हे असंच निभावून नेता येईल. ताईंचं मी बघेन असं म्हटलं होतं, ते बघतोय की. मनाची समजूत घालायला माणसाला फार काही लागत नाही.

एका सकाळी माल पोचवणारा आला नाही, आणि आदल्या संध्याकाळच्या कवळ्या मांडणीवरच राहिल्या. ताई आली. पिशवी खुंटीला अडकवून ती मांडणीशी गेली, एक कवळी उचलली आणि डोळे मिटून तिच्या मेणावरून अंगठा फिरवला. मग ती हातात घेऊनच तिने केबिनचं दार उघडलं.

"हिरडीची कड अजून जाडच ठेवतोस तू," ती म्हणाली. "किती मारलं होतं मी त्यासाठी."

धाकटा उभा राहिला. 

"बस," ती म्हणाली आणि स्वतःही बसली. "मला सरळ रेघ वाकडी दिसते. खिडकीचे गजसुद्धा. डोळ्याच्या मधोमध एक डाग आलाय. मला वाटायचं, डोळा गेला तरी बोटं सांभाळतील. पण एकदा सकाळी कवळी हातात घेतली तर मेण माझ्या हातचं नव्हतं. आपलं मेण आपल्याला कळत नाही का? मी ओळखलं, गोगलगायीचं आहे. आणि म्हटलं, हे धाकट्याने लावून दिलंय."

"ताई..."

"ऐक आता. मी वाट बघत राहिले. म्हटलं, आज ना उद्या हा येईल आणि म्हणेल, ताई, बस झालं. मी उठले असते रे. रडले असते दोन दिवस आणि उठले असते. पण तू काही येईनास. वर तो फळा लावलास आणि माझं नाव डोक्यावर नेऊन बसवलंस, सगळ्यांसमोर. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते टाळ्या वाजवत होते." तिचा आवाज चढला नव्हता, फक्त कवळी तिने त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. "तेव्हा म्हटलं, गोगलगायीला काढायला लावते. तो गेला की तुला सांगावंच लागेल. स्वतःहून म्हणायचं मला जमेना, म्हणून दुसऱ्याच्या पोटावर पाय दिला मी. आणि तू काय केलंस? सांगायचं सोडून स्वतःच जाऊन बसलास त्याच्या जागी."

धाकट्याला वाटलं, निदान एवढं तरी खरं सांगावं. त्याला ते स्वतःची बाजू मांडल्यासारखं वाटलं, म्हणून तो घाईने बोलला. "ताई, मी लावून दिलं नव्हतं. शपथ घेऊन सांगतो. मला यातलं काही ठाऊकच नव्हतं. तो गेल्यावर, डॉक्टरांचे फोन आल्यावर कळलं."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून ती मान थोडी वाकडी करून, डाग बाजूला सारून बघत होती. ही सवय तिला कधी लागली, तेही धाकट्याने आज पहिल्यांदाच पाहिलं.

"म्हणजे तू बघितलंच नाहीस," ती म्हणाली.

धाकट्याने समोरचा फोन बाजूला सरकवला.

"मला वाटायचं, याला सांगायची हिंमत नाही, लहानपणापासून नाही. पण रोज बघतो तरी. माझी एकेक कवळी बघतो, मनाला लावून घेतो, आणि मला लागू नये म्हणून धडपडतो. त्या बघण्यावरच मी चिडायचे, आणि त्याच्यावरच दिवस काढायचे." ती थांबली. "ते पण नव्हतं."

बाहेर यंत्रं चालू होती. काचेपलीकडे सगळ्यांच्या माना खाली होत्या, इतक्या खाली की कुणीच काम करत नव्हतं हे उघड होतं.

"बरं, आता सांग," ताई म्हणाली. "माझ्या तोंडावर सांग. आणि ते शिबिरातलं नको."

"ताई," तो म्हणाला, "तुझं काम आता चालणार नाही. डॉक्टर परत पाठवतात."

"हं." तिने मान हलवली. एवढंच होतं. वाक्य इतकं लहान होतं की दोन वर्षं ते न बोलता कशी गेली हे कुणालाही खरं वाटलं नसतं. ती उठली, अॅप्रनची गाठ मागे हात नेऊन सोडवू लागली. गाठ सुटेना. धाकटा मदतीला पुढे झाला, तशी तिने खांदा वळवला आणि स्वतःच सोडवली. अॅप्रन घडी करून टेबलावर ठेवला. दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"एक सांग. तो सगळ्याच मोडायचा का रे? की एखादी बरी झाली असेल तर तशीच ठेवायचा?" तिने विचारलं. "पहिल्या दोन-तीन वेळा मी हात लावून बघितलं. मग धीर झाला नाही. सगळ्याच मोडलेल्या निघाल्या असत्या तर? एखादी तरी माझ्या हातची गेली असेल ना, कुणाच्या तोंडात?"

धाकट्याच्या ओठांवर 'हो' आलं होतं. बऱ्याच गेल्या, ताई, असं म्हणणं काही जड नव्हतं. पण ती मान वाकडी करून त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्याच्याच्याने खोटं बोलवेना. गोगलगायीच्या घरी तो चांगला तासभर बसून आला होता. तू परत ये, फळा काढतो, हवं ते देतो, सगळं बोलून झालं होतं. हे एक विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.

"माहीत नाही, ताई," तो म्हणाला.

"नाहीच माहीत तुला," ती म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली.